पहिलं कॉन्टॅक्ट सेंटर उभं करताना: ग्राहकाला तेच ते पुन्हा सांगायला लागू नये म्हणून

पहिल्या माणसाला सगळं सांगितलं, त्याने लाइन पुढे दिली, तिथे नाव-गाव-बिल नंबरपासून पुन्हा सुरुवात. दुसऱ्या दिवशी फोन केला तर तिसऱ्याच माणसाला परत तेच. ग्राहक सर्वांत जास्त वैतागतो तो याला. फोन उचलायला मिनिटभर उशीर झाला तर तो एकवेळ चालवून घेतो. "अहो, कालच सगळं सांगितलंय मी" हे वाक्य कॉल सेंटरमध्ये फोन घ्यायला बसणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. म्हणून कॉन्टॅक्ट सेंटरसाठी (म्हणजे फोनसोबत एसएमएस, व्हॉट्सअ‍ॅपही सांभाळणाऱ्या कॉल सेंटरसाठी) काहीही विकत घेताना एकच प्रश्न विचारा: यामुळे ग्राहकाचं हे वाक्य कमी होणार आहे का? होणार नसेल, तर ती खरेदी थांबू शकते.

"आपलंही कॉल सेंटर हवं, तुम्ही बघा" असं सांगून ज्यांच्यावर पहिल्यांदाच ही जबाबदारी आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरण म्हणून घरगुती वॉटर प्युरिफायर विकणारी आणि दुरुस्त करणारी एक मध्यम कंपनी धरू. ऑफिस नाशिकला, ग्राहक धुळ्यापासून लातूरपर्यंत, मेकॅनिक जिल्ह्याजिल्ह्यांत. तुमचं काम पतसंस्थेचं, बियाण्यांचं किंवा खासगी बसचं असलं तरी पायऱ्या बहुतेक याच राहतील.

पायरी १: आधी वही, मग सॉफ्टवेअर

विक्रेत्याला डेमोसाठी बोलवायच्या आधी निदान दोन आठवडे येणाऱ्या प्रत्येक फोनची नोंद ठेवा. साधी वही किंवा एक्सेल पुरे. रकाने चारच: वेळ, ग्राहकाचं पहिलं वाक्य त्याच्याच शब्दांत, याच कामासाठी आधी फोन केला होता का, आणि फोन संपला तेव्हा काम झालं का.

पहिलं वाक्य ग्राहकाच्याच शब्दांत का? कारण आपण "सर्व्हिस रिक्वेस्ट" लिहितो आणि तो म्हणालेला असतो, "मशीनखाली पाणी साचतंय". पुढे आयव्हीआरचे ("अमुकसाठी एक दाबा" सांगणाऱ्या यंत्राचे) पर्याय, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज, तक्रारींचे प्रकार हे सगळं याच शब्दांवरून ठरणार आहे.

दोन आठवड्यांनी वही चाळलीत की एक गोष्ट हमखास दिसेल. बरेच फोन नव्या कामाचे नसतातच. "मेकॅनिक कधी येणार?", "काल येतो म्हणाले, आले नाहीत", "पैसे भरले, पावती नाही आली". हे फोन आपणच निर्माण केलेले असतात. ते पटापट उचलायची व्यवस्था करण्याआधी ते येणारच नाहीत अशी व्यवस्था करा. तक्रार नोंदवल्याबरोबर तिचा नंबर एसएमएसने गेला, मेकॅनिक ठरला की त्याचं नाव आणि यायची वेळ गेली, आणि उशीर होणार असेल तर तेही आपणहून कळवलं, तर यातले पुष्कळ फोन आपोआप बंद होतात. संपूर्ण उभारणीत इतक्या कमी खर्चात इतका फायदा देणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही. ती करायला कॉन्टॅक्ट सेंटर पूर्ण उभं राहायची वाटही बघावी लागत नाही.

पायरी २: एक नंबर, आणि तो सगळीकडे तोच

१८०० चा नंबर घेतला तर फोन करणाऱ्याला पैसे पडत नाहीत, मिनिटाचा आकार कंपनीकडे लागतो. १८६० वर फोन करणाऱ्याला स्थानिक कॉलचा दर लागू शकतो. दुरुस्तीसारख्या कामाला माझं मत स्पष्ट आहे: १८०० घ्या. आपलंच मशीन बिघडलेलं असताना ग्राहकाच्या खिशाला हात लावू नये. मात्र सोबत एक साधा दहा आकडी नंबरही ठेवा, कारण टोल-फ्री नंबर परदेशातून सहसा लागत नाही. साताऱ्यातल्या आईवडिलांच्या मशीनसाठी दुबईतून किंवा न्यू जर्सीतून फोन करणारी मुलं-मुली आता काही दुर्मिळ राहिलेली नाहीत.

लाइन कुठून घ्यायची? पूर्वी यासाठी ऑफिसात ईपीएबीएक्सचा डबा (ऑफिसातलं टेलिफोन एक्सचेंज) आणि पीआरआय लाइन (एकाच वेळी अनेक कॉल घेणारी लाइन) बसवावी लागे. आज लहान सेंटरला क्लाउड टेलिफोनी सोयीची पडते: कॉल विक्रेत्याच्या सर्व्हरवर येतो आणि तिथून एजंटच्या, म्हणजे फोन घेणाऱ्या आपल्या माणसाच्या, मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर जातो. एक्झोटेल, ओझोनटेल, नोलॅरिटी अशा भारतीय कंपन्या हे काम करतात. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२० मध्ये आणि पुन्हा जून २०२१ मध्ये नियम सैल केल्यापासून कॉल सेंटरसाठी वेगळी नोंदणी लागत नाही आणि एजंट घरून काम करू शकतात. त्यामुळे लातूरच्या ग्राहकांसाठी लातूरमध्येच राहणारी एजंट नेमता येते. गल्ल्या-चौकांची नावं तिला विचारावी लागत नाहीत.

नंबर सुरू झाला की जिओ, एअरटेल, व्ही आणि बीएसएनएल या चारही नेटवर्कवरून आणि एखाद्या लँडलाइनवरून स्वतः फोन लावून बघा. मग तो नंबर मशीनच्या स्टिकरवर, बिलावर, वॉरंटी कार्डवर आणि गूगलवरच्या तुमच्या अधिकृत नोंदीत टाका. हे टाळू नका. इंटरनेटवर खोटे "कस्टमर केअर" नंबर टाकून लोकांना लुबाडणाऱ्या टोळ्या आहेत. तुमचा खरा नंबर सहज सापडला नाही तर ग्राहक त्यांच्या हाती लागतो.

अर्ध्यात तुटलेले आणि मिस्ड कॉल सोडून देऊ नका. गावाकडे मिस्ड कॉल देऊन परत फोनची वाट बघायची सवय अजून आहे. असा प्रत्येक नंबर आपोआप कॉलबॅकच्या यादीत गेला पाहिजे, आणि ती यादी त्याच दिवशी संपली पाहिजे.

पायरी ३: किती माणसं लागतील, याचं गणित

नवखी माणसं इथे सर्वांत जास्त फसतात, म्हणून जरा थांबून बघू.

समजा सकाळी १० ते ११ या तासात ६० फोन येतात. एका फोनला बोलायला ३ मिनिटं आणि नंतर नोंद करायला १ मिनिट, म्हणजे ४ मिनिटं. एकूण काम २४० मिनिटांचं, म्हणजे बरोबर ४ माणसांचं. मग ४ एजंट बसवले की झालं, असं वाटतं. पण फोन काही दर मिनिटाला एक असे शिस्तीत येत नाहीत. कधी एका मिनिटात पाच येतात, कधी तीन मिनिटं शांतता असते. शांततेत वाया गेलेली मिनिटं नंतर भरून निघत नाहीत, आणि ४ माणसांवर रांग वाढतच जाते.

कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणिती अ‍ॅग्नर क्रारूप एर्लांग यांनी १९१७ मध्ये या रांगेची सूत्रं मांडली. आजही जगभर माणसांचं गणित त्यांच्यावरच चालतं. वरचे आकडे त्यांच्या सूत्रात घातले तर असं येतं: ५ एजंट असतील तर सरासरी थांबणं सव्वादोन मिनिटांच्या आसपास. ६ असतील तर ३४ सेकंद. ७ असतील तर ११ सेकंद. एकाच माणसाने सव्वादोन मिनिटांवरून अर्ध्या मिनिटावर आणलं, हे मालकांना किंवा हिशेबनीसांना पटवायचं असेल तर हाच तक्ता समोर ठेवा. "एर्लांग सी कॅल्क्युलेटर" इंटरनेटवर फुकट मिळतात, स्वतःचे आकडे घालून बघा.

या धंद्यात ८० टक्के फोन २० सेकंदांत उचलावेत असा एक रूढ निकष आहे. आपल्या उदाहरणात ६ माणसांवर साधारण ७६ टक्के होतात, ७ वर जवळपास ९०. दुरुस्तीच्या कामाला ६ पुरतात असं मी म्हणेन. पतसंस्थेत कार्ड हरवल्याची तक्रार घ्यायची असेल, तर ७ च हवेत.

आणि हे आकडे खुर्चीत बसलेल्या माणसांचे आहेत. रजा, जेवण, चहा, ट्रेनिंग, आजारपण यांत तीसेक टक्के वेळ जातो असं धरलं तर ७ खुर्च्यांसाठी पटावर १० जण लागतात. हे आधी धरलं नाही की लग्नसराईत आणि गणपतीत सेंटर कोसळतं, आणि खापर फुटतं एजंटवर.

पायरी ४: आयव्हीआर लहान ठेवा

पहिला नियम: दोन पातळ्यांच्या खाली जाऊ नका, आणि एका पातळीवर तीन-चारपेक्षा जास्त पर्याय देऊ नका. दुसरा: प्रत्येक पातळीवर माणसाशी बोलायचा पर्याय असू द्या. तिसरा: सुरुवातीला कंपनीची जाहिरात ऐकवू नका. ज्याच्या ओट्यावर पाणी साचलंय, त्याला नवीन मॉडेल नको असतं.

पुष्कळ ठिकाणी ऐकू येतो तो नमुना असा: "आमच्या कंपनीत आपलं सहर्ष स्वागत आहे. आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वपूर्ण आहे. कृपया खालील पर्यायांमधून निवड करा. विक्रीपश्चात सेवा विनंती नोंदणीकरिता एक दाबा." एवढं होईपर्यंत वीस सेकंद गेली, आणि "विक्रीपश्चात सेवा विनंती" म्हणजे काय हे कळायला आणखी पाच.

तेच असं करता येतं: "नमस्कार. मशीन बिघडलं असेल तर एक दाबा. आधी केलेल्या तक्रारीचं काय झालं हे विचारायचं असेल तर दोन. नवीन मशीन हवं असेल तर तीन. आमच्या माणसाशी बोलायला शून्य दाबा."

हे शब्द पायरी १ च्या वहीतून आलेत. भाषेचा पर्याय ज्या त्या भाषेतच बोला: मराठीचा मराठीत, हिंदीचा हिंदीत. आणि एकदा मराठी निवडलेल्या नंबरला पुढच्या वेळी भाषा विचारूच नका. ही नोंद ठेवणं सिस्टिमला जड नाही, फक्त ते सेटिंग करून मागावं लागतं.

दोन दाबलं आणि त्या नंबरवर तक्रार चालू असेल, तर यंत्राने तिथेच सांगावं: "तुमच्याकडे आज दुपारी ३ ते ५ मध्ये मेकॅनिक येणार आहे." आयव्हीआरचा खरा उपयोग इथे आहे. एजंटपर्यंत न पोचताही ग्राहकाला हवं ते मिळालेलं असतं.

रेकॉर्डिंग करायच्या आधी घरच्या एखाद्या वयस्कर माणसाला ते वाक्य फोनवर ऐकवा आणि काय दाबाल, ते विचारा.

पायरी ५: फोन वाजताच समोर इतिहास

सगळ्या उभारणीचा गाभा हा आहे. कॉल आला की एजंटच्या पडद्यावर त्या ग्राहकाचं नाव, मशीन, आधीच्या तक्रारी आणि शेवटची नोंद आपोआप उघडली पाहिजे. याला स्क्रीन पॉप म्हणतात. त्यासाठी टेलिफोनी आणि सीआरएम (ग्राहकांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर) एकमेकांना जोडलेले लागतात. झोहो डेस्क किंवा फ्रेशडेस्कसारखी तिकीट (म्हणजे प्रत्येक तक्रारीची नोंद) ठेवणारी सॉफ्टवेअर बहुतेक क्लाउड टेलिफोनीला जोडता येतात. विक्रेत्याकडून तोंडी "हो, होतं" यावर थांबू नका, तुमच्याच दोन खऱ्या ग्राहकांची माहिती घालून समोर चालवून दाखवायला लावा.

नोंद कशाच्या नावावर ठेवायची हा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे. बहुतेक जण मोबाइल नंबर हीच ओळख धरतात. आपल्याकडे मात्र मशीन घेतलेलं असतं वडिलांच्या नावावर, बिलावर नंबर मुलाचा, आणि मशीन बिघडलं की फोन करते सून. तीन नंबर, तीन नोंदी, आणि तिघांनाही "तुमची तक्रार सापडत नाहीये". म्हणून मूळ ओळख मशीनचा सिरियल नंबर आणि पत्ता ठेवा, आणि त्याखाली हवे तितके मोबाइल नंबर जोडा. नवीन नंबरवरून फोन आला की "हाही नंबर जोडून ठेवू का?" एवढं विचारायला एजंटला शिकवा.

मग येते तिकिटाची नोंद. "ग्राहक नाराज. फॉलोअप करणे." अशी नोंद पुढच्या एजंटच्या काहीच कामाची नाही. त्याऐवजी: "फिल्टर बदलल्यावरही खालून टपकतं. मेकॅनिक मंगळवारी येऊन गेला, वॉशर नव्हता. घरी आजोबा एकटे, ११ नंतरच यावं, बेल वाजत नाही म्हणून फोन करावा." ही नोंद वाचून पुढचा एजंट पहिलंच वाक्य असं बोलतो: "मंगळवारी वॉशर नव्हता म्हणून काम राहिलं होतं ना? आज तो घेऊनच माणूस येतोय." त्या क्षणी ग्राहकाचा आवाज बदलतो. ही चार वाक्यं लिहायला एजंटला ते एक मिनिट द्या. पायरी ३ च्या गणितात ते धरलेलं आहेच.

मेकॅनिक आणि ग्राहक यांचे फोनही कंपनीच्या नंबरमधूनच जाऊ द्यात. नंबर झाकून जोडून देण्याची ही सोय क्लाउड टेलिफोनीत असते. ग्राहकाचा खासगी नंबर कुणाच्या मोबाइलमध्ये राहत नाही, आणि "मी फोन केला होता, उचलला नाही" हे खरं की खोटं, ते नोंदीत दिसतं.

पायरी ६: एसएमएस आणि व्हॉट्सअ‍ॅप

एसएमएस पाठवण्यासाठी ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे डीएलटी या टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी-व्यवस्थेवर कंपनीची, हेडरची (मेसेज पाठवणाऱ्याचं जे छोटं नाव दिसतं त्याची) आणि मेसेजच्या प्रत्येक साच्याची नोंदणी लागते. न जुळणारा मेसेज अडतो, म्हणून हे काम सेंटर सुरू व्हायच्या बरंच आधी हाती घ्या. जाहिरातीच्या कॉलसाठी १४० ने सुरू होणाऱ्या नंबरांची मालिका आहे, बँका-विम्यासारख्या वित्तीय संस्थांच्या सेवेच्या कॉलसाठी १६०० ची.

व्हॉट्सअ‍ॅप सुरू केलंत तर एक मोबाइल टेबलावर ठेवून चालवू नका. तो फोन ज्याच्या हातात, त्याच्याच डोक्यात सगळी माहिती राहते. बिझनेस प्लॅटफॉर्म घ्या आणि तिथला प्रत्येक संवाद त्याच तिकिटात जोडा. ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजपासून २४ तास तुम्ही मोकळेपणाने उत्तर देऊ शकता, त्यानंतर फक्त व्हॉट्सअ‍ॅपने मंजूर केलेले साचेच पाठवता येतात. व्हॉट्सअ‍ॅपचा सर्वांत मोठा उपयोग फोटोचा: टपकणाऱ्या जागेचा फोटो आला की मेकॅनिक योग्य सुटा भाग घेऊनच निघतो आणि दुसरी फेरी वाचते.

पायरी ७: रेकॉर्डिंग आणि विश्वास

कॉल रेकॉर्ड होतोय हे सुरुवातीलाच सांगा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोख स्पष्ट आहे: माहिती कशासाठी घेता ते सांगा आणि लागते तेवढीच घ्या. रेकॉर्डिंग किती दिवस ठेवायचं, कुणी ऐकायचं, कधी पुसायचं हे लिहून ठरवा. कार्डाचा नंबर, सीव्हीव्ही, ओटीपी फोनवर कधीही विचारू नका. पैसे घ्यायचे असतील तर लिंक पाठवा. आणि "आमचा माणूस ओटीपी कधीच मागणार नाही" हे वाक्य प्रत्येक एसएमएसच्या साच्यात बसवा.

पायरी ८: काय मोजायचं

डॅशबोर्डवर शंभर आकडे येतात. सुरुवातीला तीन पुरतात: किती फोन उचलण्याआधीच तुटले, किती ग्राहकांनी सात दिवसांत त्याच कामासाठी पुन्हा फोन केला, आणि किती तक्रारी सांगितलेल्या वेळेत मिटल्या. मधला आकडा सर्वांत प्रामाणिक. तो खोटा दाखवणं अवघड असतं.

सरासरी कॉलची लांबी मोजा, पण फक्त माणसांच्या गणितासाठी. "कॉल तीन मिनिटांत संपवा" असं टार्गेट लावलंत की एजंट घाईने "मेकॅनिक पाठवतो" म्हणून फोन ठेवेल. मेकॅनिक पंचवीस किलोमीटर जाईल, आणि तिथे कळेल की नळाची तोटीच बंद होती. पाचव्या मिनिटाला तोटी बघायला सांगणारी एजंट कंपनीचे पैसे वाचवत असते, आणि टार्गेटच्या यादीत मात्र ती तळाला दिसते. असं कुठे होताना दिसलं तर ते टार्गेट काढून टाका.

दर आठवड्याला मालकांनी किंवा सेवाप्रमुखांनी काही कॉल पूर्ण ऐकावेत, आणि सोबत एजंटही बसावेत. रोज तेच ते ऐकणाऱ्या माणसांना मशीनमधला कोणता भाग सारखा बिघडतो, हे कारखान्याच्या आधी माहीत असतं. त्यांना चांगला हेडसेट, पाठीला आधार देणारी खुर्ची आणि शिवीगाळ झाल्यावर पाच मिनिटं उठायची मुभा द्या.

पायरी ९: बॉट सगळ्यात शेवटी

विक्रेते आज पहिल्या भेटीतच एआय व्हॉइसबॉट (माणसाऐवजी ग्राहकाशी बोलणारं सॉफ्टवेअर) दाखवतात. तो घेऊ नका असं मी म्हणत नाही, पण तिकिटांचा इतिहास नीट भरलेला नसेल तर बॉटलाही ग्राहकाला सगळं पहिल्यापासूनच विचारावं लागेल. निदान काही महिन्यांच्या स्वच्छ नोंदी जमल्यावरच त्याकडे वळा.

वळाल तेव्हा डेमोत स्वतःची वाक्यं बोलून बघा. "परवा माणूस येऊन गेला" आणि "परवा पाठवा" या दोन्हींतले दिवस त्याला वेगळे कळतात का? "पावणेपाचला या", "साडेबाराच्या आत"? मोबाइल नंबर सांगताना लोक "नाइन एट डबल टू, पुढे त्रेपन्न" असे मिसळून आकडे बोलतात, ते तो बरोबर लिहितो का? मागे मिक्सर चालू असताना? खानदेशातल्या आणि मालवणातल्या माणसाचं बोलणं? यातलं काही चुकलं तर तिसऱ्यांदा "माफ करा, समजलं नाही" म्हणण्याऐवजी त्याने कॉल माणसाकडे द्यावा, आणि तोवर झालेलं बोलणं एजंटच्या पडद्यावर लिहून द्यावं. हा शेवटचा भाग विक्रेता करून दाखवू शकला नाही, तर करारावर सही करू नका.

बॉटच्या आधी एआयचा एक वापर मात्र लवकर सुरू करण्यासारखा आहे: बोलणं ऐकून तिकिटाच्या नोंदीचा कच्चा मसुदा तयार करणं. एजंटने तो वाचून, विशेषतः नावं, पत्ते आणि वेळा तपासून मगच सेव्ह करावा.